जुन्या मर्सिडीजचे कॅलिपर: सील किट घेण्याआधी पिस्टन बघा

रावेरच्या एका भाऊंनी विचारलं आहे. आजोबांची १९८२ सालची मर्सिडीज २४० डी नऊ वर्षं शेतातल्या शेडमध्ये उभी होती. इंजिन चालू झालं, टायर बदलले, पुढचे ब्रेक पॅडही नवे टाकले. आता ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढते. वीसेक किलोमीटर चालवली की पुढच्या उजव्या चाकाच्या रिमला हात लावता येत नाही. आणि पॅड बदलल्यापासून त्याच चाकाच्या आतल्या बाजूला ब्रेक ऑइल पाझरतंय. एक मिस्त्री म्हणतो सील किट टाका, दुसरा म्हणतो दोन्ही कॅलिपर (ब्रेक दाबल्यावर पॅड चाकाच्या डिस्कवर दाबणारे भाग) नवे मागवा, तिसरा म्हणतो दुसऱ्या एखाद्या गाडीचे कॅलिपर ब्रॅकेट करून बसवून देतो. कुणाचं ऐकू?

भाऊ, आधी एक काम करा. गळती आहे तोवर ती गाडी गेटाबाहेर काढू नका. गावातल्या गावातसुद्धा नको. पुढचं ऑइल संपलं तर दीड टनाची गाडी नुसत्या मागच्या ब्रेकवर येते, आणि ते तुम्हाला कळतं ते पुढे बैलगाडी आडवी आल्यावर.

मी भुसावळला तीस वर्षांहून जास्त ब्रेकचंच काम करतोय. तुमच्या तिन्ही मिस्त्र्यांनी उत्तरं दिली, पण तुमच्या लिहिण्यावरून तरी तिघांपैकी कुणीही कॅलिपर उघडलेलं दिसत नाही. किट टाकायचं की नवं घ्यायचं, हे आतला पिस्टन आणि सीलची खाच बघितल्यावर ठरतं. त्याआधी जो तो अंदाज सांगतोय. तिसरा सल्ला मात्र न उघडताही सोडून द्या. पुढच्या आणि मागच्या पिस्टनची मापं, मास्टर सिलिंडरचं (पेडलच्या जोराने ऑइल ढकलणाऱ्या पंपाचं) माप, सगळं एकमेकांना धरून ठरवलेलं असतं. पुढे भलतं कॅलिपर बसलं की पेडलचा प्रवास बदलतो, पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल जातो, आणि पावसात मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी फिरू शकते.

आता तुमची लक्षणं. बरेच लोक इथे उलटं वाचतात. ब्रेक दाबल्यावर गाडी डावीकडे जाते म्हणजे डावीकडचा ब्रेक बिघडला, असं वाटतं. खरं तर डावीकडचा नीट धरतोय, उजवीकडचा कमी धरतोय, म्हणून गाडी डावीकडे ओढली जाते. मग उजवं चाक तापतं कसं? कारण अर्धवट जाम झालेला पिस्टन दोन्हीकडून त्रास देतो. दाबल्यावर पूर्ण जोराने पुढे येत नाही आणि सोडल्यावर मागेही जात नाही. सपाट रस्त्यावर ब्रेकला पाय न लावता स्टिअरिंग सैल धरून बघितलं असतं, तर गाडी किंचित उजवीकडे गेलेली जाणवली असती. ब्रेकविना उजवीकडे आणि ब्रेक दाबल्यावर डावीकडे, अशी गाडी आली की मी उजवं पुढचं चाक आधी खोलतो.

पण कॅलिपरला दोष देण्याआधी अर्ध्या तासाची एक तपासणी करा. चाक तापण्याची कारणं तीन ठिकाणी असू शकतात: मास्टर सिलिंडर, रबरी होज किंवा कॅलिपर. होज बाहेरून ठणठणीत दिसतो, पण चाळीस वर्षांचं रबर आतून फुगतं. पायाच्या जोराने ऑइल त्यातून पुढे जातं, परत यायला मात्र वाट उरत नाही. गाडी जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा, ब्रेक दोन-तीनदा दाबून सोडा. चाक हाताने फिरत नसेल तर आधी होज आणि लोखंडी पाईप जिथे जुळतात तो जोड थोडा सैल करा. चाक लगेच मोकळं झालं तर दाब वरून अडकलाय, मास्टर सिलिंडर बघा. नाही झालं तर जोड आवळा आणि कॅलिपरचं निपल (एअर काढायचा छोटा स्क्रू) उघडा. ऑइलची चिळकांडी उडून चाक सुटलं तर होज खराब. निपल उघडूनही चाक घट्टच असेल तर पिस्टन जाम. तुमच्याकडे गळतीही आहे, म्हणून मला पिस्टनचीच खात्री जास्त वाटते. तरी होज चारही चाकांचे बदलाच. त्यात पैसे वाचवू नका.

पॅड बदलल्यावरच गळती का सुरू झाली, हा तुमचा प्रश्न महत्त्वाचा आहे आणि त्याचं उत्तर कॅलिपरच्या बांधणीत आहे.

या गाडीचं पुढचं कॅलिपर जागेवर पक्कं असतं, डिस्कच्या दोन्ही अंगांना एकेक पिस्टन. सिलिंडरच्या भिंतीत एक खाच असते आणि तिच्यात चौकोनी छेदाचं रबरी सील बसतं. सील स्थिर असतं, पिस्टन त्याच्या आतून सरकतो. म्हणजे ऑइल अडवण्याचं काम सिलिंडरची भिंत करत नाही, सील आणि पिस्टनचा बाहेरचा चकचकीत पृष्ठभाग करतात. पॅड झिजत जातात तसा पिस्टन बाहेर येत राहतो. बाहेर आलेल्या भागावर डस्ट कव्हर असतं, पण जुन्या गाडीत ते फाटलेलं असतं. नऊ पावसाळे त्या उघड्या भागावर ओल बसली, क्रोमखाली गंज शिरला, बारीक खड्डे पडले. जुने पॅड होते तोवर हे खड्डे सीलच्या बाहेर होते, म्हणून गळती नव्हती. तुमच्या मिस्त्रीने नवे जाड पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलला आणि नेमका तोच खड्ड्यांचा भाग सीलच्या खाली गेला. आता त्या खड्ड्यांतून ऑइल निघतंय. तुम्ही याच पिस्टनवर नवं सील घातलंत तर ते चार-सहा महिन्यांत पुन्हा गळू लागेल. नुसत्या सील किटला माझा विरोध आहे तो यामुळे.

सीलचं दुसरं काम फार कमी लोकांना माहीत असतं. या कॅलिपरमध्ये पिस्टन मागे खेचणारी स्प्रिंग नसते. ब्रेक दाबल्यावर पिस्टन पुढे जाताना सीलला थोडं मुरडून सोबत नेतो, आणि दाब गेला की सील पुन्हा सरळ होताना पिस्टनला केसाएवढं मागे आणतं. तेवढ्याने पॅड डिस्कला सोडतो. ही मुरड घेता यावी म्हणूनच खाचेची कड तिरकी तासलेली असते. खाचेत गंज साचला की सीलला मुरडायला जागा राहत नाही, उलट ते आतून पिस्टनला आवळतं. नवं सील घालूनही चाक तापतंच, अशी तक्रार घेऊन गाड्या येतात, त्यातल्या बहुतेकांत खाच साफच केलेली नसते.

आता काढण्याचं काम. जाम पिस्टन स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, पकडीने चकचकीत भागाला धरू नका. सगळ्यात चांगलं हत्यार गाडीतच आहे, ते म्हणजे ब्रेकचं पेडल. कॅलिपर डिस्कवरून उतरवा पण होज जोडलेला ठेवा. कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवू नका, तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधा. पॅड काढा, मोकळ्या पिस्टनला लाकडी फळी आणि सी क्लॅम्पने दाबून धरा आणि कुणाला तरी पेडल सावकाश दाबायला सांगा. सगळा जोर जाम पिस्टनवर येतो. तो पुरता बाहेर पडू देऊ नका. हाताने फिरवून निघेल इतका आला की थांबा, क्लॅम्प बदलून दुसराही तेवढाच बाहेर घ्या, मग होज सोडून दोन्ही काढा. पेडल दाबताना खाली लाकडाचा ठोकळा ठेवा, म्हणजे ते तळापर्यंत जाणार नाही. जुन्या मास्टर सिलिंडरच्या पुढच्या भागात वर्षानुवर्षं पिस्टन गेलेला नसतो, तिथे गंज असतो. पेडल तळाला टेकलं की त्या सिलिंडरचे रबर त्या गंजावर घासून फाटतात, आणि एका कामाची दोन कामं होतात.

गॅरेजमध्ये सर्रास कॉम्प्रेसरची हवा मारतात. हिशोब करून बघा. ६० मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनचं क्षेत्रफळ साधारण २८ चौरस सेंटिमीटर. ७ बार हवा म्हणजे त्यावर सुमारे २०० किलोचा जोर, आणि हवा दाबलेली असल्यामुळे पिस्टन सुटतो तो गोळीसारखा. माझ्यासोबत शिकणाऱ्या एका मुलाच्या बोटाचं पेर असंच चिरडलं होतं. पॅडची जुनी धूळही हवेने उडवू नका. जुन्या पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं, ते फुप्फुसात जाऊन बसतं. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाकून द्या.

कॅलिपरचे दोन अर्धे चार बोल्टनी जोडलेले दिसतील. ते खोलण्याचा मोह होतो, पण जोडातून गळती नसेल तर मी ते कधीच खोलत नाही. आत ऑइल पलीकडे नेणाऱ्या वाटेवर छोटी रबरी रिंग असते. ती नवी नसेल आणि बोल्ट मापाने आवळले नाहीत तर धडधाकट जोड गळका होतो. दोन्ही पिस्टन मधल्या फटीतून निघतात, घाई केली नाही तर.

आता पिस्टन हातात आला. ब्रेक क्लीनरने पुसा, उन्हात धरा आणि अंगठ्याचं नख त्याच्यावरून गोल फिरवा. नुसता डाग असेल, नख अडकत नसेल, तर १२०० नंबरचा पाण्याचा पॉलिश पेपर ब्रेक ऑइलमध्ये भिजवून हलक्या हाताने गोल दिशेने घासा. लांबीच्या दिशेने घासू नका, कारण लांबीची रेघ म्हणजे ऑइलला बाहेर यायला तयार पाट. नख अडकलं तर तो पिस्टन बाद. तो घासून खड्डा जात नाही, क्रोम मात्र जातं.

बाद पिस्टनला तीन वाटा आहेत. पहिली, तयार नवा पिस्टन. मागवताना कॅलिपरवर ओतीव अक्षरांत कुठल्या कंपनीचं नाव आहे ते बघा, कारण या गाड्यांत आटे आणि बेंडिक्स अशी वेगवेगळी कॅलिपर आलेली आहेत आणि एकाचं किट दुसऱ्याला चालत नाही. पिस्टन व्हर्नियरने मोजा. ५७ आणि ६० मिलिमीटर, दोन्ही मापं माझ्या हातून गेली आहेत. दुसरी वाट, जुन्याच पिस्टनवर हार्ड क्रोम चढवून ग्राइंड करून घेणं. हे काम नाशिककडे होतं, पण मूळ मापाला परत आणणारा माणूस हवा. तिसरी, स्टेनलेस स्टीलच्या सळईतून नवा पिस्टन काढणं. आमच्या भुसावळात रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले लेथचे कारागीर आहेत, त्यांचा हात मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत बसलेला असतो. एका काकांकडून मी असे पिस्टन करून घेतो. मात्र लेथवरून निघालेला पिस्टन तसाच वापरू नका, हत्याराच्या बारीक रेघा सीलला करवतीसारख्या कापतात. ग्राइंडिंग आणि पॉलिश झालंच पाहिजे. सोबत चांगला जुना पिस्टन नमुना म्हणून द्या आणि तोंडाची खाच, कड, सगळं तंतोतंत उतरवायला सांगा. तुमच्या शेडमध्ये ओल असेल आणि गाडी वर्षातून चारदाच निघणार असेल, तर मी स्टेनलेसच घेईन. ते गंजत नाही.

खाच साफ करायला मी बांबूची कामटी वापरतो. तिचं टोक छिन्नीसारखं चपटं तासतो, ब्रेक क्लीनरमध्ये बुडवतो आणि खाचेतून गोल फिरवतो. आधी तपकिरी चिखल निघतो. तो पुसला की वाटतं झालं. पण खाचेच्या तळाच्या दोन्ही कोपऱ्यांत एक घट्ट, पांढुरका थर उरतो, तो डोळ्यांना चटकन दिसत नाही, कामटीच्या टोकाला खरखर लागते. टोक बोथट झालं की पुन्हा तासायचं, पुन्हा फिरवायचं. एका खाचेला वीस मिनिटं लागली तरी लागू द्या. टोक कुठेही न अडकता काचेवरून फिरावं तसं फिरलं म्हणजे खाच साफ. लोखंडी टोच्याने खाचेच्या कडेला ओरखडा पडतो, म्हणून लाकूडच. सिलिंडरच्या बाकी भिंतीवर थोडे डाग राहिले तर चिंता नको, तिथे सील बसत नाही. खाचेची कडच गंजून खाल्लेली असेल तर मात्र ते कॅलिपर संपलं. तेव्हा तुमच्या दुसऱ्या मिस्त्रीचं बरोबर, नवं घ्या.

धुण्याबद्दल कळकळीने सांगतो. डिझेल, पेट्रोल, रॉकेल, साधं ग्रीस, यांतलं काहीही ब्रेकच्या रबराला लागू देऊ नका. ब्रेक ऑइल नावाला ऑइल आहे, त्याचं रबर वेगळ्या जातीचं असतं आणि खनिज तेलाने ते फुगतं. मी शिकाऊ असताना एका गुरुजींच्या अ‍ॅम्बेसेडरचे व्हील सिलिंडर डिझेलने धुऊन, न पुसता, नवे रबर बसवले होते. तिसऱ्या दिवशी चाळीसगावच्या पुढे कन्नड घाटात गाडीची चाकं धरली गेली. सोबत त्यांचं कुटुंब होतं. कुणाला इजा झाली नाही, पण काढलेले रबर माझ्या उस्तादांनी माझ्या तळहातावर ठेवले, तेव्हा ते मापाच्या दीडपट झाले होते. तेव्हापासून माझ्या टेबलावर ब्रेकच्या कामाला डिझेलचा डबा येत नाही. धुवायला ब्रेक क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि बसवताना ताजं ब्रेक ऑइल किंवा ब्रेकसाठीचं तांबडं रबर ग्रीस.

बसवणं सोपं आहे, पण हात धुऊन करा. सील ब्रेक ऑइलमध्ये बुडवून खाचेत बोटानेच बसवा, पीळ पडला नाही ना ते बोट फिरवून बघा. पिस्टन सरळ धरून अंगठ्यांनी ढकला. सगळं नीट असेल तर तो अंगठ्याच्या जोरावर जातो. हातोडी लागत असेल तर काहीतरी चुकलंय, परत काढा. डस्ट कव्हर आणि त्याची रिंग नवीच घाला, या सगळ्या त्रासाचं मूळ फाटकं कव्हरच होतं. पॅड ज्या खोबणीत सरकतात तिथला गंज तारेच्या ब्रशने काढा, नाहीतर पिस्टन मोकळा आणि पॅड जाम अशी गत होईल. आणि डावं-उजवं दोन्ही कॅलिपर एकदमच करा. एकच केलं तर गाडी आता उजवीकडे ओढू लागेल.

गाडीवर चढवताना निपल वरच्या बाजूला आलं पाहिजे. डावं कॅलिपर उजवीकडे बसवलं तर तेही बसतं, पण निपल खाली येतं, हवा वर अडकते, आणि कितीही एअर काढली तरी पेडल स्पंजासारखंच राहतं. दोन-दोन दिवस एअर काढून थकलेले लोक माझ्याकडे आले आहेत आणि दोष एवढाच निघाला आहे. एअर काढायला लांबच्या चाकापासून सुरुवात करा: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. तोवर काढा जोवर बरणीत काळं ऑइल येणं थांबून नवं, स्वच्छ ऑइल येत नाही.

ऑइल डॉट ४ घ्या, सीलबंद छोटा डबा. हे ऑइल हवेतली ओल पितं. ताजं डॉट ४ किमान २३० अंशांना उकळतं, पण ३.७ टक्के पाणी शिरलं की तीच मर्यादा १५५ वर येते. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच ४५ अंश असतात. त्यात घाट उतरताना ऑइल उकळलं की पाईपमध्ये वाफ होते आणि पेडल थेट खाली जातं. गाडी चालो न चालो, दर दोन वर्षांनी ऑइल बदला. आणि बॉनेटजवळ ओली चिंधी ठेवा, रंगावर थेंब सांडला तर लगेच पाण्याने धुवा, हे ऑइल रंग सोलून काढतं.

सगळं झाल्यावर गाडी उभी असतानाच पेडल पूर्ण जोराने दाबून मिनिटभर धरा, मग चारही चाकांच्या आत बॅटरी मारून बघा. कोरडं असेल तर शेतरस्त्यावर २० च्या वेगाने चालवा. मग मोकळ्या रस्त्यावर ५० वरून १५ पर्यंत वेग आणणारे दहा-बारा मध्यम ब्रेक मारा, मध्ये गाडी चालती ठेवून डिस्क थंड होऊ द्या. नवे पॅड असेच बसतात. तुमच्या आत्ताच्या पॅडवर ऑइल गेलेलं असणार, ते धुऊन वापरू नका. घरी परतल्यावर दोन्ही पुढच्या रिम हाताने तपासा. दोन्ही सारख्याच कोमट असल्या तर काम झालं. पहिले पाचशे किलोमीटर पालकडचा घाट किंवा लांबचा प्रवास नको, रावेर-सावदा एवढंच.

कॅलिपर उघडलंत की दोन्ही पिस्टन उन्हात ठेवून आणि खाच साफ केल्यावर तिच्या कडेचा, असे फोटो इथे टाका. नख कुठे अडकतंय ते पेनाने खूण करून दाखवा. पिस्टन वाचेल की नाही, ते बघून सांगतो.